मदत हवी आहे: मोरपंखी रंग पट्ट्यापट्ट्याने बसलाय, पुढच्या रविवारी साखरपुडा!!

मोरपीस_बिघडलं:
अर्जंट आहे प्लीज. शनिवारी मी आणि मावसबहिणीने घरीच माझे केस मोरपंखी केले, आधी ब्लीच मग रंग, सगळं पाकिटावर लिहिल्याप्रमाणे. आता मुळाशी दोन बोटं एकदम भडक, मधे शेवाळी हिरवं, आणि कानाच्या खाली रंग चढलाच नाहीये, नुसतं विटकरी काळपट. मागे तर ठिपके ठिपके. वर चार दिवसांतच उतरायला लागलाय, बादलीतलं पाणी निळं होतं. परत ब्लीच करून परत रंग लावला तर एकसारखा होईल ना? फक्त हो किंवा नाही सांगा. ठाण्यात राहते.

नौपाडाकर:
नाही. आता सांग, ब्लीच कितीचं, किती वेळ ठेवलं, मुळांपासून लावलंस का? आणि फोटो टाक.

वाशीची_वात्रट:
साखरपुड्याबद्दल अभिनंदन! 🎉

मोरपीस_बिघडलं:
माझा नाही, दादाचा आहे. फोटो नाही टाकणार, दादाची होणारी बायको इथे वाचते असं ऐकलंय. ब्लीच पावडरीत कालवायचं डेव्हलपर 40 चं, दुकानदार म्हणाला काळ्या केसांना हेच लागतं. पाऊण तास. मुळांपासूनच लावणार ना, अजून कुठून?

कात्री_कंगवा:
अगं बाई. 40 म्हणजे 12 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, ते टाळूला लागेल असं कोणी लावतं का! 20 म्हणजे 6 टक्के, घरी त्याच्या वर जाऊच नये. कळव्यात 14 वर्षं पार्लर चालवतेय, दर महिन्याला अशी एक तरी येते. टाळूच्या उबेने मुळाशी ब्लीच जोरात चालतं म्हणून आम्ही आधी मधल्या भागाला लावतो आणि मुळांना सगळ्यात शेवटी. तुझी मुळं फिकी पिवळी झाली, केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखी, म्हणून तिथे रंग भडक दिसतोय. मधे गडद पिवळं राहिलं असणार, पिवळ्यावर निळसर गेलं की हिरवं, हे चित्रकलेच्या तासाला शिकवलेलं. पण खाली काहीच चढलं नाही हे मला खटकतंय. त्या भागाला आधी काही लावलं होतंस का? रंग, स्ट्रेटनिंग, केराटिन?

मोरपीस_बिघडलं:
नाही, आयुष्यात पहिल्यांदाच रंग लावलाय.

पेन्शनर_पाचपाखाडी:
माझे केस वयाच्या 38 व्या वर्षी पांढरे झाले. माका आणि जास्वंद खोबरेल तेलात उकळून रोज रात्री लावत गेलो. आज 67 पूर्ण, केस पांढरेच आहेत पण दाट आहेत. तुम्ही करून पाहा.

वाशीची_वात्रट:
काका तिला पांढरे नाही, मोरपंखी पाहिजेत 😂

निळी_बट:
मी तीन वर्षं निळे ठेवलेत, ऐक. हे रंग केसाच्या आत घट्ट बसतच नाहीत, वरवर चिकटतात, म्हणून प्रत्येक धुण्यात थोडे जाणारच. आठवड्यातून दोनदाच धुवायचे, सल्फेट नसलेल्या शांपूने, गार पाण्याने. कोंड्याचा शांपू तर अजिबात नको, आमच्यात रंग काढायचा असेल तेव्हा तो वापरतात. आणि पांढऱ्या कंडिशनरमध्ये तोच रंग दोन चमचे कालवून ठेव, दर धुण्याला दहा मिनिटं लाव, गेलेला रंग भरून येतो. तेल लावतेस का?

मोरपीस_बिघडलं:
मी नाही, आईने लावलं. रविवारी केस काथ्यासारखे झाले म्हणून तिने कोमट खोबरेल तेल चोळून चोळून लावलं. उशीचा अभ्रा निळा झालाय, त्यावरून वेगळं महाभारत चालू आहे.

निळी_बट:
मिळालं उत्तर. कोमट तेलाने हा रंग सुटतो.

घोडबंदर_रोज_ट्रॅफिक:
ठाण्यात म्हणजे नक्की कुठे? घोडबंदर रोड असेल तर तेलाला कशाला दोष देताय, टँकरचं पाणी बघा. बोअरचं क्षारवालं पाणी, आमच्याकडे नळाच्या तोट्यांवर पांढरा थर येतो तर केसांवर येणार नाही का? क्षार साचले की रंग मळकट दिसतो. मी शेवटचे दोन तांबे आरओचं पाणी घेतो.

नेरुळ_पूर्व:
आमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी, असला त्रास नाही. नवी मुंबईत या राहायला 😎

खारघर_हिल्स:
खारघर पण नवी मुंबईच आहे बरं का. या इकडे, टँकर मोजायला बसवतो तुम्हाला.

नेरुळ_पूर्व:
खारघर पनवेलच्या पालिकेत येतं.

नौपाडाकर:
पाण्याचा धागा वेगळा काढा. क्षार काढणारा शांपू मिळतो, पण त्याने रंगही जातो, म्हणून तो रंग लावायच्या आधी वापरायचा, नंतर नाही. @मोरपीस, पूर्वी रंग नाही लावला ठीक, पण मेंदी?

मोरपीस_बिघडलं:
मेंदी म्हणजे काय रंग थोडीच. ती तर कॉलेजपासून आई लावते, आता वर्षभर नाही लावली.

कात्री_कंगवा:
घ्या!! हे पहिल्या ओळीत सांगायचं असतं. वर्षभरात जे पाच-सहा इंच वाढले ते कोरे केस, आणि कानाखालचे सगळे मेंदीवाले. मेंदी केसात पक्की बसते, ब्लीचने फार तर विटकरी होते, त्यावर निळा-हिरवा टाकलास तर मळकट तपकिरीच दिसणार. कुठली मेंदी होती, नुसती पानांची की पाकिटातली ब्राऊन किंवा काळी?

मोरपीस_बिघडलं:
आईला विचारलं. कधी साधी, कधी ब्राऊन. लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवायची.

निळी_बट:
ब्राऊनमध्ये नीळ असते, म्हणजे नीळीच्या पानांची पावडर. ब्लीचने मेंदी थोडी जाते आणि नीळ हिरवी होऊन बसते, माझ्या मैत्रिणीचं झालंय. ताई, शेवाळी रंग त्याचाच असणार, पिवळ्याचा नाही.

कात्री_कंगवा:
मधला भाग वर्षभरातला आहे ना, तिथे नीळ कुठून येईल? मी रोज हेच करते.

निळी_बट:
केस कानापाशी नेमके कापून जोडलेत का, की वर मेंदी गेलीच नाही? आईने वर्षभर म्हणजे नक्की किती महिने लावली नाही ते विचारा.

कात्री_कंगवा:
बरं, तेही असू शकेल. पण हिरवं कशामुळे त्यापेक्षा महत्त्वाचं, काही पाकिटांत धातूचे क्षार असतात, त्यात लोखंडी कढई. त्यावर पेरॉक्साइड गेलं की केस गरम होऊ शकतात, तुटू शकतात. पहिल्या वेळी निभावलं हे नशीब. डोक्यावर परत ब्लीच नको म्हणजे नको. शंका असेल तर कंगव्यातले गळलेले केस काचेच्या वाटीत, धातूच्या नाही, ब्लीचमध्ये अर्धा तास ठेवून बघ. फेस आला किंवा वाटी गरम लागली तर विषय संपला.

मोरपीस_बिघडलं:
मग मी रविवारी अशीच जाऊ का?? मे महिन्यातल्या मासुंदा तलावासारखी दिसतेय.

वाशीची_वात्रट:
व्हिनेगर लाव, रंग लॉक होतो.

निळी_बट:
काही लॉक होत नाही, डोकं कोशिंबिरीसारखं वास मारतं.

कात्री_कंगवा:
फिकं करून सारखं होत नाही तेव्हा गडद करून सारखं करायचं. ब्लीच न करता सगळ्या केसांवर एकच गडद निळा. हिरव्या पट्ट्यासाठी त्यातच थोडा जांभळा मिसळ. मुळांवर शेवटी लाव आणि लवकर धू. मागून बटा पातळ पातळ घेऊन लाव, ठिपके आले कारण जाड बटांच्या आत पोचलंच नाही. खालचे विटकरी केस जवळपास काळे दिसतील, तीन-चार इंच कापलेस तर उत्तमच. मोरपंखी विसर. नवीन रंग असेल तर कानामागे लावून 48 तास थांब.

खारघर_हिल्स:
साडी कुठली नेसणार? पावसात भिजलीस तर रंग मानेवरून खाली येतो, माझा पांढरा कुर्ता गेला.

मोरपीस_बिघडलं:
मोतिया पैठणी. आईची. 😭

निळी_बट:
अंबाडा घाल, मानेला रुमाल ठेव, छत्री दोन घे. रंग गुरुवारीच लाव म्हणजे सुटा रंग शनिवारपर्यंत निघून जाईल.

मोरपीस_बिघडलं (शुक्रवार):
केलं. वाटीतले केस गरम नाही झाले पण फेस आला, त्यामुळे ब्लीच नाही. राम मारुती रोडवरून निळा आणि जांभळा आणला, कानामागे लावून थांबले, काल रात्री केला. खालचे चार इंच कापले. आता सगळा गडद निळा, मागे एक ठिपका हिरवा राहिलाय पण अंबाड्यात जाईल. आई म्हणते काळाच दिसतोय, मग एवढा खर्च कशाला. बाथरूमच्या पांढऱ्या टाइल्सवरचे निळे डाग कशाने जातात?

पेन्शनर_पाचपाखाडी:
खाण्याचा सोडा ओल्या फडक्यावर घेऊन घासा. आणि माका विसरू नका.