बॉर्डर कॉली कुत्री बकऱ्यांच्या मागं लागते, काय करावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, यवतमाळकडे वावरात राहतो, पुण्याच्या भावानं फ्लॅटमधी झेपत नाही म्हणून ९ महिन्यांची बॉर्डर कॉली आणून सोडली. ही जात इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरची, मेंढ्या वळणारी, एका जागी बसतच नाही न बाप्पा! वाकून बकऱ्यांवर टक लावते, गोल फिरून गोळा करते, तिथवर मस्त, पण काल वासराच्या पायाला चावली. दोन टाइम पळवतो तरी दमत नाही, आमचाच दम निघते. उन्हाळ्यात इथं ४५ डिग्री, अंगावर दुहेरी केस, शेजारी म्हणते भादरून टाका, डॉक्टर म्हणते भादरू नका, उलट ऊन लागते. शिट्टीवर थांबायला कोणी शिकवलं का? अन् दुपारी घरात बसल्याबसल्या डोक्याला काय काम देता?