गेटजवळच्या कडुनिंबावरची गुळवेल

सेक्रेटरी: मंडळी, गेटजवळच्या कडुनिंबावर चढलेली वेल रात्रीत कुणीतरी अर्धी कापून नेलीये, खाली नुसता पाचोळा पडलाय आणि वॉचमन म्हणतो मी बघितलं नाही. कोणाचं काम हे?

बी-६०२ काका: माझं. ओरडू नका, गुळवेल आहे ती. बिल्डिंगमध्ये घरोघरी ताप चाललाय म्हणून म्हटलं तुकडे करून वाटावेत, दहा पिशव्या तयार आहेत, येऊन घेऊन जा. अंगठ्याएवढा जाड आणि वीतभर लांब तुकडा ठेचायचा, चार कप पाण्यात टाकून एक कप उरेपर्यंत उकळायचा, सकाळी अनशापोटी. हवी तर सुंठ घाला. कडूजहर लागतो पण ताप जवळ येत नाही.

ए-२०१: काका एक पिशवी आमची ठेवा. पण अर्धी कापलीत, आता मरणार नाही ना ती

बी-६०२ काका: अहो तुकडा नुसता कुंपणावर टाकून ठेवला तरी पालवी फुटते तिला, उगाच अमृता म्हणतात का

बी-४०३: कापली ते बरंच झालं, झाडाचं रक्त पीत होती

सी-३०१ डॉक्टर: नाही हो, ती बांडगूळ नव्हे. बांडगूळ फांदीत मुळं घुसवून झाडाचा रस ओढतं. गुळवेलीची मुळं जमिनीत असतात, झाडाचा फक्त आधार घेते, त्या दोऱ्यासारख्या लोंबतात ना त्या तिच्याच मुळ्या. कडुनिंबावरची जास्त गुणाची असं आपल्याकडे मानतात एवढंच.

ए-७०४: आमच्या मागच्या भिंतीवर पण बदामाच्या आकाराची पानं असलेली वेल आहे. तीच का? फोटो टाकू?

सी-३०१ डॉक्टर: पानांवरून ठरवू नका, बदामी पानांच्या वेली ढीगभर आहेत. जून खोड घ्या. त्याची साल कागदासारखी पातळ असते, नखाने सुटते आणि खाली हिरवंगार दिसतं. आडवं कापलं की आत बैलगाडीच्या चाकासारख्या आऱ्या दिसतात. पानाला खालून लव असेल तर ती गुळवेलीची जातबहीण, आणि खोडावर मोठमोठे चामखिळीसारखे फोड असतील तर ती क्रिस्पा नावाची दुसरी जात, तिच्या वाटेला जाऊ नका. आणि काका, वाटण्याआधी मला विचारायचं होतंत.

बी-६०२ काका: अहो ओळखतो मी गुळवेल. माझी आजी सत्त्व करायची घरी, खोडं कुटून रात्रभर पाण्यात, मग गाळून वरचं पाणी ओतून दिलं की तळाला पांढरं बसायचं ते उन्हात वाळवायचं. बोटभर सत्त्वासाठी घमेलंभर वेल लागायची. बाजारात मिळतं त्यात काय असतं देव जाणे

बी-१०४: काका, तुमच्या आजीबद्दल काही म्हणणं नाही पण मी लिहितोच, इथे कुणाला माहीत नसेल. कोविडच्या वेळी आमच्या आईने रोज गुळवेलीचा काढा घेतला, अशीच ताजी वेल, जवळजवळ चार महिने. एक दिवस चहा नको म्हणाली, मग जेवण नको, आम्हाला वाटलं ॲसिडिटी. आठवड्याने खिडकीपाशी बसली होती आणि मला तिचे डोळे हळदीसारखे दिसले. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं माप, १४. कावीळ म्हणून हेपेटायटिस ए पासून ई पर्यंत सगळ्या टेस्ट केल्या, निगेटिव्ह. डॉक्टरांनी तीनदा विचारलं काही औषधं चालू आहेत का, आई म्हणाली थायरॉइडची गोळी, बाकी काही नाही. काढा तिने सांगितलाच नाही, कारण तिच्या लेखी ते औषधच नव्हतं, घरचं होतं. शेवटी बायकोला आठवलं. काढा बंद केला, स्टेरॉइड दिले, बरी व्हायला अडीच महिने लागले.

ए-२०१: बापरे

बी-६०२ काका: मग ती दुसरीच कुठली वेल असणार. मी बारा वर्षं पितोय, मला काय झालं?

बी-१०४: वेल तीच होती काका, तुकडा उरला होता, दाखवला होता.

सी-३०१ डॉक्टर: दोघांचंही खरं असू शकतं. मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरात असे ६ पेशंट बघितले आणि २०२१ मध्ये छापले. तेव्हा आयुष मंत्रालय म्हणालं की ती गुळवेल नसेल, क्रिस्पा असेल, बरंच वाजलं त्यावरून. पण पुढे देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ पेशंटची नोंद छापली. त्यात बऱ्याच जणांचं लिव्हर असं बिघडलं होतं की जणू शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उठलीये. मी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची डॉक्टर आहे, गुळवेल मी रोज लिहून देते, जीर्णज्वर म्हणजे जुनाट ताप, वातरक्त म्हणजे गाउटसारखी सांधेदुखी, उत्तम काम करते. पण जी वनस्पती प्रतिकारशक्ती हलवते ती ज्याची प्रतिकारशक्ती आधीच उलटी चाललीये त्याला कशी द्यायची? हाशिमोटोचा थायरॉइड, आमवात, ल्यूपस, सोरायसिस, किडनी बदललेले लोक, यांनी आपल्या मनाने बिलकुल नको. लिव्हरचा त्रास असेल तरी नको. शुगरच्या गोळ्या असतील तर शुगर आणखी उतरते. प्रेग्नंट असाल तर नकोच.

बी-४०३: मग घ्यायची किती दिवस ते सांगा ना, सरळ

सी-३०१ डॉक्टर: कोविडच्या वेळच्या आयुषच्या प्रोटोकॉलमध्येसुद्धा चूर्ण १ ते ३ ग्रॅम दोनदा, तेही १५ दिवस किंवा महिनाभर असं होतं. वर्षानुवर्षं रोज सकाळी असं मी तरी कुणाला सांगत नाही. आणि आत्ता ज्यांना ताप आहे त्यांनी आधी डेंगू-मलेरियाची टेस्ट करा, काढा पिऊन तीन दिवस घालवू नका.

ए-७०४: मग पपईच्या पानांचा रस?

सी-३०१ डॉक्टर: एका वेळी एक भांडण करू.

सेक्रेटरी: काका त्या दहा पिशव्या सध्या कुणाला देऊ नका प्लीज. आणि यापुढे कॉमन एरियातलं काही कापायचं तर आधी ऑफिसात सांगा.

बी-६०२ काका: सात गेल्या. कोणाकोणाला दिल्या त्यांना फोन करतो. पण मी माझा बंद नाही करणार सांगून ठेवतो.

सी-३०१ डॉक्टर: करू नका लगेच, पण एकदा एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, करून घ्या. बारा वर्षांत केली का कधी?

बी-६०२ काका: नाही

ए-५०३: काकांची पिशवी आमच्याकडे पण आलीये आणि हिने सकाळीच उकळून घेतला. हिला थायरॉइड आहे. मी विचारलं डॉक्टरांना विचारलंस का, तर म्हणते औषध कुठे घेतलंय मी, काढाच तर आहे

बी-१०४: अगदी हेच. आमची आई शब्दाशब्दाने.

सी-३०१ डॉक्टर: एका कपाने काही होत नाही, घाबरवू नका तिला. उद्याचा ओतून द्या. संध्याकाळी मला फोन करायला सांगा.

ए-५०३: हो. काका, उद्या लॅबवाला किती वाजता येणारे तुमच्याकडे?

बी-६०२ काका: साडेसात. अनशापोटी म्हणाला, म्हणजे काढाही नाही का?