विषय: उन्हाळी सहल, पायरेट्सचा सामना आणि खेळाडूंचे पगार

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,

आपल्या पिट्सबर्गच्या बेसबॉल संघाचा, म्हणजे पायरेट्सचा, सामना बघायला पीएनसी पार्क मैदानाची तिकिटं या महिन्यातच काढली तर सगळ्यांना एकत्र जागा मिळेल. पण मागच्या बैठकीत दोघातिघांनी विचारलं, की जिथे एकेका खेळाडूला ७० कोटी डॉलर देतात आणि ज्याची थैली मोठी तोच जिंकतो, तो खेळ बघायला पोराबाळांना घेऊन कशाला जायचं? आयपीएलसारखी सगळ्या संघांना खर्चाची एकच मर्यादा का नाही? काका, तुम्ही इतकी वर्षं बघताय, तुम्हीच सांगा. बाकीच्यांनी रविवारपर्यंत नावं कळवावीत.

प्रेषक: काका

मंडळी,

जायचंच. पण प्रश्न चांगला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी १९९१ च्या ऑगस्टमध्ये या गावात आलो. त्या काळात पायरेट्सनी सलग तीन वर्षं आपल्या गटात पहिला नंबर काढला. १९९२ च्या ऑक्टोबरात अटलांटाविरुद्ध सातव्या सामन्यात, शेवटच्या डावात हातातला विजय गेला. त्याच हिवाळ्यात आपला मोठा फलंदाज बॅरी बाँड्स सॅन फ्रान्सिस्कोच्या संघात गेला. सहा वर्षांचे सुमारे ४.४ कोटी डॉलर, तेव्हा तो विक्रम होता. पुढचे सलग वीस हंगाम आपला संघ जिंकला कमी आणि हरला जास्त. माझी मुलगी १९९४ ची. ती जन्मली, शाळा संपली, कॉलेजात गेली, तेव्हा कुठे २०१३ साली तिला जिंकणारा पायरेट्स संघ दिसला. पहिल्या पगारातून तिने आपल्या संघातल्या अँड्र्यू मॅकचनचा २२ नंबरचा शर्ट घेतला. २०१८ च्या जानेवारीत दोन दिवसांच्या अंतराने आपला पिचर (चेंडू टाकणारा) गेरिट कोल ह्यूस्टनला आणि मॅकचन सॅन फ्रान्सिस्कोला गेला. कोलने २०१९ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या यांकीजशी नऊ वर्षांचा ३२.४ कोटींचा करार केला. २०१८ च्या त्या जानेवारीत मुलीने शर्टाची घडी घालून तो कपाटात ठेवला, ते मी दारातून बघत होतो.

तेव्हा दुःख मला ठाऊक आहे. तरीही पगाराच्या आकड्यावर राग काढू नका, एवढंच माझं सांगणं आहे. कर्ट फ्लड या जुन्या बेसबॉलपटूची गोष्ट आपल्या मुलांना सांगा. १९६९ मध्ये सेंट लुइसने त्याला न विचारता फिलाडेल्फियाला दिलं. मी विकत घ्यायची-द्यायची वस्तू नाही, असं म्हणून तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९७२ मध्ये तिथे हरला. १९७५ मध्ये दुसऱ्या दोन पिचरांच्या बाबतीत लवादाने निकाल दिला आणि त्यानंतर करार संपल्यावर दुसरीकडे जायची वाट उघडली. त्याआधी मालक सांगेल तो पगार आणि मालक ठेवील तितकी वर्षं. आजही पूर्ण मोकळीक मिळायला मोठ्या लीगमध्ये सहा वर्षांची सेवा व्हावी लागते. आपला पॉल स्कीन्स बघा. २०२५ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम पिचर, साय यंग पुरस्कार एकमताने, दर नऊ डावांमागे दोनपेक्षा कमी धावा दिल्या. पगार मात्र ७ लाख ६० हजार डॉलरच्या किमान वेतनाहून फार वर नव्हता. आणि नावावर दहा विजय, दहा पराभव! एका संध्याकाळी मी तिथे होतो. पोरगा सहा डाव टाकून मान खाली घालून आत गेला, आणि पाटीवर आपल्या रांगेत सगळी शून्यं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्याला जोडीला फलंदाज कोणी द्यायचे?

खरी मेख टीव्हीच्या पैशात आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये टीव्हीचे करार देशपातळीवर होतात आणि पैसे सगळ्या संघांत सारखे वाटले जातात. म्हणून लाखभर वस्तीचं ग्रीन बे न्यूयॉर्कच्या तोडीने उभं राहतं. बेसबॉलमध्ये स्थानिक चॅनेलचा पैसा मोठा. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सचा २०१३ चा करार २५ वर्षांचे ८.३५ अब्ज डॉलर असा होता. पिट्सबर्गने तेवढे प्रेक्षक आणायचे कुठून? सगळ्या संघांच्या स्थानिक उत्पन्नातला जवळजवळ निम्मा भाग एकत्र करून वाटतात, हे खरं. पण खेळाडूंवर किमान अमुक इतका खर्च झालाच पाहिजे, असं बंधन नाही. आयपीएलचं नाव घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्या. तिथे २०२५ मध्ये १२० कोटी रुपयांची वरची मर्यादा होती, तशी त्यातली पाऊण रक्कम खर्चावीच लागत होती. वरची मर्यादा सगळ्यांना आठवते, खालची कुणालाच नाही.

१९९४ मध्ये मालक वरच्या मर्यादेसाठी अडून बसले. १२ ऑगस्टला खेळाडूंचा संप सुरू झाला आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेता ठरवणारी अंतिम मालिकाच, रद्द झाली. तेव्हा सगळ्यांत पुढे कोण होतं? ७४ विजय, ४० पराभव अशी मजल मारलेला मॉन्ट्रियलचा कमी पैशांचा संघ. तो २००५ साली वॉशिंग्टनला गेला. मालक आणि खेळाडूंच्या संघटनेतला आताचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय, मला त्याची फार काळजी वाटते.

प्रेषक: लॉस एंजेलिसहून, जुना सभासद

काका, सा. न.

गाव सोडलं तरी यादीत आहे, म्हणून लिहितो. पैशाने जिंकता येतं हे पूर्ण खरं नाही. टेक्ससने २००० च्या डिसेंबरात अलेक्स रॉड्रिगेझला २५.२ कोटी दिले आणि पुढची तीन वर्षं गटात शेवटचे राहिले. २०२३ मध्ये सगळ्यांत महागडा संघ न्यूयॉर्कच्या मेट्सचा, तो प्लेऑफला (हंगामाअखेरच्या बाद फेरीला) पोचलाही नाही. २००२ मध्ये ओकलंडने सुमारे ४ कोटींत १०३ सामने जिंकले. यांकीजनीही १०३च, पण सुमारे साडेबारा कोटींत. २००० नंतर लागोपाठ दोनदा विजेता झालेला पहिला संघ म्हणजे आमचे डॉजर्स, २०२४ आणि २०२५ मध्ये. आमच्या ओहतानीच्या करारातल्या ७० कोटींतले ६८ कोटी तर २०३४ पासून द्यायचेत. शिवाय पगारावर ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त खर्च केल्याबद्दल २०२५ साठी आमच्या संघाला सुमारे १७ कोटी कर बसला. जो संघ मिळालेला पैसा मैदानावर लावतो, त्याला नावं का ठेवायची?

प्रेषक: काका

डॉजर्सना मी नावं ठेवत नाही. तू सांगितलेलं सगळं मान्य आहे, पण ओकलंडचं पुढे काय झालं तेही लिही. त्या संघातले चांगले खेळाडू एकेक करून गेले, आणि २०२४ नंतर संघच त्या गावात राहिला नाही. ऑक्टोबरात चार-पाच सामन्यांत नशीबही चालतं. १६२ सामन्यांच्या हंगामात मात्र जुलै उजाडेपर्यंत किती गावांचा खेळ आटोपलेला असतो, ते इथे राहिलं की कळतं. मला यांकीजचे पैसे काढून नकोत. आपल्या मालकांनी वाटणीत मिळालेला पैसा मैदानावर खर्चावा, एवढा नियम हवा.

समितीसाठी: माझी चार तिकिटं धरा. सामन्याच्या दिवशी मैदानाजवळचा क्लेमेंटे पूल गाड्यांना बंद असतो, तेव्हा गाड्या डाउनटाउनमध्ये लावून सगळे पुलावरून चालत जाऊ. स्कीन्सची पाळी असेल असा दिवस पाहता आला तर पाहा. मुलगीही येतेय, तिने शर्ट कपाटातून काढलाय.