सोसायटीच्या इतिवृत्तात अर्धविराम कुठे द्यायचा?

गिरगाव_सचिव: वार्षिक सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त मराठीत लिहितोय. ‘अर्ध्या तासात कोरम भरला नाही; म्हणून सभा तहकूब केली’ इथे अर्धविराम चालेल का? समित्यांची नावं लिहिताना स्वल्पविरामांची इतकी गर्दी होते, की कोण कुठल्या समितीत तेच कळत नाही. आणि मराठी कीबोर्डवर हे चिन्ह आहे कुठे?

मुद्रितशोधक_दादर: वाक्य बरोबर आहे. ‘पण’, ‘म्हणून’, ‘कारण’, ‘तरी’ अशा अव्ययांनी जोडलेल्या दोन स्वतंत्र वाक्यांमध्ये मराठीत अर्धविराम देतात. शाळेच्या व्याकरणातला नियमच आहे तो. इंग्रजीत ‘बट’च्या आधी सहसा स्वल्पविराम असतो आणि अर्धविराम येतो तो जोडशब्द नसताना. इंग्रजीत मसुदा करून मराठीत आणणाऱ्यांचा घोळ इथेच होतो.

खूण अशी, की चिन्हाच्या दोन्ही बाजूंना पूर्ण क्रियापद हवं. ‘कोरम नसल्यामुळे; सभा तहकूब केली’ हे चूक, कारण ‘नसल्यामुळे’वर वाक्य संपत नाही. जर-तर, जेव्हा-तेव्हा, जो-तो या जोड्यांमध्ये स्वल्पविरामच. ‘की’च्या आधी अर्धविराम दिसला तर सरळ खोडा.

याद्यांसाठी हे बघा: ‘मध्य रेल्वेवर दादर, कुर्ला, ठाणे; पश्चिम रेल्वेवर दादर, अंधेरी, बोरिवली; हार्बरवर वडाळा, मानखुर्द, वाशी.’ गटाच्या आत स्वल्पविराम, दोन गटांमध्ये अर्धविराम. समित्यांचंही तसंच करा. एकेका समितीत सात-आठ नावं असतील तर मात्र तक्ताच काढा, उगाच चिन्हांवर भार नको.

टंकलेखन_परळ: इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये इंग्रजीतल्या अर्धविरामाच्या कळीवर ‘च’ आहे आणि शिफ्टसह ‘छ’. विंडोजमध्ये विंडोज कळ आणि स्पेसबार दाबून इंग्रजी करा, चिन्ह टाका, परत मराठीत या. देवनागरीचा वेगळा अर्धविराम नाही, हाच चालतो. आधी जागा सोडू नका, नाहीतर ओळ तुटली की चिन्ह एकटंच खालच्या ओळीत जातं. नंतर एक स्पेस.

जुनी इतिवृत्तं कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर जपून. तिथे ‘य’ याच कळीवर आहे. कन्व्हर्टर न वापरता नुसता फॉन्ट बदललात तर बाकीच्या अक्षरांचा कचरा होतोच, शिवाय प्रत्येक ‘य’च्या जागी अर्धविराम उगवतो.

जाता जाता: ‘स्वतः’मध्ये विसर्ग टाका, अपूर्णविराम नको; शोधताना तो शब्द सापडत नाही. विसर्ग शिफ्ट आणि वजाच्या कळीवर आहे.

गिरगाव_सचिव: आभार. ठरावात अ, ब, क अशा अटी आहेत. प्रत्येकीनंतर पूर्णविराम देऊ?

मुद्रितशोधक_दादर: तिन्ही अटी एकाच वाक्याचे भाग असतील तर नको. ‘अ’नंतर अर्धविराम, ‘ब’नंतर अर्धविराम आणि पुढे ‘आणि’ किंवा ‘किंवा’, ‘क’नंतर पूर्णविराम. कायद्याचे मसुदे असेच असतात. तो जोडशब्द विसरू नका: ‘आणि’ असेल तर सभासदाला तिन्ही अटी पाळाव्या लागतील, ‘किंवा’ असेल तर एक पुरेल. भांडणं अर्धविरामावरून होत नाहीत, त्याच्या पुढच्या शब्दावरून होतात.