भीती वाटत असतानाच टाकलेलं पाऊल : तुमचा अनुभव लिहा

विश्वास असला की भीती राहत नाही, असं मी लहानपणापासून ऐकत आले. माझी काही गेली नाही, म्हणून कितीतरी वर्षं मनातून खजील असायची. मग एकदा बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय सावकाश वाचला. ‘खंबीर हो, हिंमत धर’ हे देव त्याला पहिल्या 9 वचनांत तीनदा सांगतो, आणि अठराव्या वचनात लोकही त्याला तेच सांगतात. लोकांचा पुढारी मोशे मरण पावलेला, आता यहोशवानं त्यांना न्यायचं, आणि समोर ओलांडायची यार्देन नदी. छातीत धडधडत नसेल त्याला कोण इतक्यांदा सांगेल?

आता माझं. चर्चमध्ये मुलांचं संडे स्कूल 22 वर्षं घेतलं. गेल्या वर्षी चर्चचा कारभार पाहणारी वडीलमंडळी म्हणाली, “ताई, आता तरुणांच्या हाती देऊ या.” बरोबरच होतं त्यांचं. पण त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. मुलं नसतील तर या मंडळीत मी कोण? कपाटाची किल्ली द्यायची होती. पटकन सापडावी म्हणून तिला लाल लोकर बांधलेली. ती सोडवून ठेवून घ्यावी असं वाटलं, पण गाठ इतकी जुनी की सुटेना. शेवटी लोकरीसकट दिली. पुढचे तीन रविवार मागच्या बाकावर बसून रडले. आता उपासना पहिल्या गीतापासून आशीर्वादापर्यंत ऐकते. इतक्या वर्षांत ती मला पुरती कधी मिळालीच नव्हती.

तुमचंही लिहा. उपदेश नको, काय झालं तेवढं सांगा.

*

ताई, माझ्या गोष्टीचा शेवट अजून झालेला नाही, तरी लिहितो. नोकरी सोडून ईश्वरविज्ञान शिकायला जायचं ठरवलं, आणि बाबांना सांगायचं आठ महिने टाळलं. सगळे म्हणायचे, तू बोल, प्रभू त्यांचं मन वळवील. बोललो. बाबा जेवणावरून उठले आणि नळाखाली हात धूत राहिले, कितीतरी वेळ. दोन वर्षं झाली, त्या विषयावर आमच्यात एक शब्द नाही. ज्याची भीती होती तेच झालं.

हे मुद्दाम सांगतोय. चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा अनुभव सांगायला, उभे राहिलो की आपण सुटका झालेल्याच गोष्टी सांगतो, आणि ज्याची झालेली नाही तो खाली मान घालून बसतो. बायबलमधला अब्राम देवाच्या सांगण्यावरून घर सोडून निघाला तेव्हा 75 वर्षांचा होता, आणि ‘मी दाखवीन त्या देशात जा’ एवढंच त्याच्या हाती होतं. दर सुट्टीला घरी जातो, बाबांशेजारी बसतो. तेवढं मी सोडणार नाही.

*

हे गेले त्याला पाच वर्षं झाली. मला भीती दुःखाची नव्हती, संध्याकाळची होती. दिवेलागणीला घर अंगावर यायचं. बायबलमधलं दावीदाचं तेविसावं स्तोत्र तोंडपाठ, म्हणून तेच म्हणत बसायची. एके दिवशी चौथ्या वचनावर जीभ थबकली. तोवर ‘तो’ मला कुरणात नेतो, ‘तो’ माझा जीव ताजातवाना करतो, असं चाललेलं असतं. मृत्यूच्या छायेची दरी आली की एकदम ‘तू माझ्याबरोबर आहेस’. दावीद देवाविषयी बोलता बोलता देवाशीच बोलायला लागतो, तेही नेमका अंधारात. जन्मभर म्हणत आले आणि हे कधी दिसलं नव्हतं. तेव्हापासून संध्याकाळी मी मोठ्यानं बोलते त्याच्याशी. बँकेचा फॉर्म कसा भरायचा हेसुद्धा विचारते.

*

थोडक्यात लिहितो. दारू सुटली, पण दारू न पिणारा माणूस म्हणून जगायचं कसं याची भीती त्याहून मोठी होती. थोरल्या भावाची माफी मागायची होती. त्याचा नंबर काढायचो आणि फोन खाली ठेवायचो. येशूचा शिष्य पेत्र पाण्यावरून चालताना बुडायला लागला तेव्हा लांब प्रार्थना करत बसला नाही, ‘प्रभूजी, मला वाचवा’ एवढंच ओरडला. तेवढंच म्हणून फोन लावला. दादा म्हणाला, “जेवलास का?”

*

मी चर्चचा पाळक आहे. दोन वर्षांपूर्वी उपदेशाला उभं राहायच्या आधी हात थरथरायला लागले, श्वास पुरेना. डॉक्टरांनी औषध दिलं, समुपदेशकाकडे पाठवलं. मी ते लपवलं. चिंता करू नका असं सांगणाराच गोळ्या घेतो हे लोकांना कळलं तर, ही भीती आजाराहून जड होती.

बायबलमधल्या ‘1 राजे’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायानं मला सोडवलं. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला रागवत नाही, विश्वास कमी पडला म्हणत नाही. उठ, खा, म्हणतो. एलीया पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खाऊ घालतो, म्हणतो की वाट तुला झेपण्यासारखी नाही. होरेबचा डोंगर आणि तिथला देवाचा मंद स्वर नंतर येतात, आधी झोप आणि भाकर. मी मंडळीला सगळं सांगितलं. एक कुटुंब निघून गेलं, याचं वाईट वाटतं. पण त्याच आठवड्यात चौघे येऊन म्हणाले, “पाळकसाहेब, आमचंही असंच आहे.” त्यातला एक तर माझ्याच वडीलमंडळीतला. औषध अजून चालू आहे.

*

सगळ्यांचं वाचलं. माझ्याकडे सांगायला अनुभव नाही, कारण माझं अजून व्हायचंय. उद्या बायोप्सीचा रिपोर्ट आहे. घरी मी सगळ्यांना धीर देतेय. इथेच लिहिते की मला खूप भीती वाटतेय.

*

लिहिलंत हे फार बरं केलंत. मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूनेही हा दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीनदा प्रार्थना केली, आणि शिष्यांना आपल्याबरोबर जागं राहायला सांगितलं. ते झोपले. उद्या रिपोर्ट किती वाजता आहे ते कळवा. मी त्याच्या तासभर आधीपासून प्रार्थनेला बसते.

*

अकरा वाजता.

*

मीही बसतो. दहापासून.