व्हॅन तळावर, आपण घाटात : मधल्या दिवसाचे अनुभव लिहा

गेल्या डिसेंबरात ठाण्याहून भाड्याची कॅम्पर व्हॅन (आतच झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी) घेऊन भंडारदऱ्याला तीन रात्री राहिलो. मनात राहिला तो मधला दिवस: व्हॅन पाण्याकाठी उभी ठेवली आणि दादाच्या ऑल्टोतून घाटघरला गेलो. तुमचाही असा दिवस असेल, तर लिहा. फजितीसकट. सुरुवात मी करते.

भंडारदऱ्याच्या शेंडी गावाहून निघून रतनवाडी, साम्रद, घाटघर करत पुन्हा शेंडी. १९२६ साली बांधून झालेल्या भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाच्या पाण्याला हा रस्ता वळसा घालतो. रतनवाडीत अमृतेश्वराचं दगडी देऊळ पाहून पिठलं-भाकरी खाल्ली. पुढे फांद्या इतक्या खाली आलेल्या, की व्हॅन आणली असती तर टपावरचा एसी तिथेच राहिला असता. घाटघरच्या कड्यावर वारा उभं राहू देत नव्हता. खाली बघत दादा म्हणाला, "अगं, हा तर आपला ठाणे जिल्हा!" खरंच, पायथ्याचं चोंढे गाव शहापूर तालुक्यातलं. वरचं पाणी खाली सोडून वीज करतात आणि मागणी कमी असताना तेच पाणी परत वर चढवतात, तो २५० मेगावॉटचा प्रकल्प इथलाच. रोज घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये बसणाऱ्या माणसाला आपला जिल्हा असा दिसतो, हे पचायला वेळ लागला.

नेरूळहून
आम्ही शहाणपणा केला नाही, व्हॅनच माळशेजला नेली. चढताना काही वाटलं नाही. उतरताना मी सारखा ब्रेकवर. बोगद्याच्या अलीकडेच जळका वास यायला लागला. गाडी बाजूला घेतली, तर मागून आलेला ट्रकवाला थांबला. "दुसऱ्या गिअरमध्ये चढलात ना? मग उतरायचंही दुसऱ्यातच. ब्रेक आहे तो थांबायला." वीस वर्षं गाडी चालवतोय, पण शिकलो त्या दिवशी. अर्धा तास चाकं निवू दिली, तोवर बायकोने मागच्या शेगडीवर चहा केला. ट्रकवाल्यालाही दिला.

कोपरी, ठाणे
ड्रायव्हर मंडळी घाटाचं कौतुक करतात. मागे बसणाऱ्याला घाट दिसत नाही, भांडी दिसतात! कसाऱ्याच्या पहिल्याच वळणाला कुकरचं झाकण निघालं, दुसऱ्याला मिसळणाचा डबा. हळद अजून गादीच्या शिवणीत आहे, भाडेवाल्याने त्याचे पैसे कापले ते वेगळे. त्यात नातीला गाडी लागते. आवळा सुपारी, लिंबू, पिशवी, सगळं हाताशी ठेवून मी दोन हातांनी कपाट धरून बसले होते. दुसऱ्या दिवशी सगळे लहान गाडीने कळसूबाईच्या पायथ्याला बारीला गेले, मी गेले नाही. व्हॅनच्या दारात खुर्ची टाकून पाण्याकडे बघत बसले. माझा मधला दिवस तो. त्या पोरांपेक्षा चांगला गेला.

सानपाड्याहून
आता समृद्धी महामार्गाने इगतपुरीला जाताना जवळजवळ ८ किलोमीटरचा बोगदा लागतो. व्हॅनला सोयीचा, पण बोगद्यात बघणार काय? जाताना बोगदा, आणि सोबत लहान गाडी असेल तर ती येताना कसारा घाटातून, असं करा. कणसंही त्याच रस्त्यावर मिळतात.

कळव्याहून
काकू, हळदीचं वाचून आमचं आठवलं. व्हॅन माळशेजच्या वर, पिंपळगाव जोगा धरणाच्या बाजूला लावली आणि आम्ही जीपने नाणेघाटात गेलो. सातवाहनांचा तो लेख, जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण, वाऱ्यात उडणाऱ्या टोप्या, सगळं मजेत चाललं होतं. टपावरची खिडकी हवेसाठी उघडी राहिली होती, हे संध्याकाळी कळलं. माकडांनी पाव, केळी आणि माझ्या मुलाच्या परीक्षेच्या वह्या नेल्या होत्या. दोन वह्या झाडाखाली सापडल्या. गणिताची नाही सापडली, आणि पोरगं अजून शोधायला तयार नाही.