मदत हवी आहे: पोटात बाळ चालतं, मग बाळाचं रक्त का नाही चालत?

मला २६ वा आठवडा चालूय, पहिलीच वेळ. माझा ग्रुप बी निगेटिव्ह, नवरा ओ पॉझिटिव्ह. आयसीटी (माझ्या रक्तात बाळाच्या रक्ताविरुद्ध अँटीबॉडी आहेत का ते बघणारी टेस्ट) निगेटिव्ह आलीये तरी डॉक्टरांनी २८ व्या आठवड्यात अँटी-डी इंजेक्शन लिहून दिलंय. विचारणार होते पण बाहेर ही रांग, आत गेलं की सुचत नाही. सासूबाई म्हणतात पहिल्या खेपेला कशाला, आमच्या वेळी नव्हतं असलं काही.

माझा घोळ वेगळाच आहे. मामाला आजीने किडनी दिली, सख्ख्या आईची, तरी तो रोज घड्याळ लावून टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) घेतो, नाहीतर शरीर ती टिकू देणार नाही म्हणे. आणि इथे निम्मं नवऱ्याचं असलेलं बाळ बिनगोळीचं मजेत वाढतंय! मग अख्खं बाळ चालतं तर त्याच्या रक्ताचंच काय वावडं? सोप्पं करून सांगा प्लीज, गूगल वाचून झोप उडते.

प्रतिसाद:
ब्लड बँकेत आहे, डॉक्टर नाही. पहिला घोळ पीटर मेडावर या प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञालाही पडला होता, १९५३ मध्ये, सो टेन्शन नको :) तुझी प्रतिकारशक्ती झोपलेली नाहीये, तह फक्त वारेपुरता (प्लासेंटापुरता) आहे. वारेच्या ज्या पेशी तुझ्या अंगाला लागून असतात त्यांच्यावर एचएलए ए आणि बी (पेशी कुणाची ते सांगणाऱ्या खुणा) नसतातच, म्हणजे नवऱ्याकडची ठळक ओळखच दिसत नाही, काहींवर उलट एचएलए-जी असतं, ते तुझ्या एनके (परक्या पेशी मारणाऱ्या) पेशींना गप्प बसवतं, शिवाय टी-रेग पेशी आवरायला असतातच. मामाच्या किडनीला असलं कवच कुठून येणार.

पण बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त तुझ्या रक्तात मिसळतं, कधीकधी आधीही, आणि तिथे तह लागू नाही. डी (पॉझिटिव्ह रक्ताच्या लाल पेशींवरची खूण, तुझ्यात ती नाही) दिसला की अँटीबॉडी बनू शकतात. पहिलं बाळ तोवर बहुतेकदा बाहेर आलेलं असतं, भोगतं पुढचं, कारण आयजीजी प्रकारच्या अँटीबॉडी वार स्वतःच बाळाकडे पोचवते (एरवी त्यानेच बाळाचं आजारांपासून रक्षण होतं). अँटी-डी त्या लाल पेशी शरीराच्या लक्षात यायच्या आत साफ करतं. घेच. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर ७२ तासांत परत. मधे ब्लीडिंग झालं किंवा पोटावर पडलीस तर २८ ची वाट बघू नको, लगेच कळव.

धागाकर्ती:
अच्छा, म्हणजे हे दुसऱ्याच्या वाटणीचं इंजेक्शन होय! घेतेच. आत्ता सासूबाईंना त्यांचा ग्रुप विचारला, ओ पॉझिटिव्ह. त्यांना कशाला लागेल 😄